ल चा ळ झाला, विटाळ तसाच

भाषा बदलते. हे वाक्य आता इतकं गुळगुळीत झालंय की कुणीही उठतो आणि बोलतो. २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या फोटोला हार घातला की वक्ता उभा राहतो, भाषा नदीसारखी वाहती असते म्हणतो, टाळ्या घेतो. आणि त्याच भाषणात पाच मिनिटांनी हाच गृहस्थ हल्लीच्या पोरांना धड 'आणि' लिहिता येत नाही, 'आनि' लिहितात म्हणून हळहळतो. म्हणजे नदी वाहती पाहिजे, पण यांच्या घाटाला लागूनच वाहिली पाहिजे.

मित्रांनो, माझं भांडण बदलाशी नाही, या नदीच्या उपमेशी आहे. नदीचं पाणी उतारानं जातं, त्यात कुणाचा हात नसतो. भाषेत असं आपोआप होणारं काही आहे, ते मी मानतोच. पण सगळं तसं नाही. काही शब्द लोकांनी ठरवून मारले. काही शब्द धंद्याबरोबर मेले. आणि काही शब्द आठ-नऊशे वर्षं जागचे हलले नाहीत. आपले समीक्षक पहिल्या प्रकारावर पुस्तकं लिहितात. उरलेल्या दोहोंवर बोलायची वेळ आली की त्यांना चहा आठवतो.

आधी आपोआप होतं ते बघू, कारण ते खरंच बघण्यासारखं आहे.

संस्कृतात 'काल' म्हणजे वेळ. मराठीत त्याचा 'काळ' झाला. फलाचं फळ, कमलाचं कमळ. मग 'काल रात्रपाळी होती' असं आपण म्हणतो, त्या 'काल'चा काळ का नाही झाला? कारण तो काल दुसऱ्या घरातला. त्याचं मूळ 'कल्य'. प्राकृतात त्याचं 'कल्ल' झालं, जोड ल आला. मराठीनं एकट्या ल चा ळ केला, आणि जोड ल होता तिथं एक गाळून दुसरा जपून ठेवला. म्हणून तैलाचं तेल्ल आणि तेल्लाचं तेल, तेळ नाही. मूल्याचं मोल्ल, त्याचं मोल. झ्यूल ब्लॉक नावाच्या फ्रेंच माणसानं मराठीचे असे सगळे धागे ओळीनं लावून दाखवले, आणि वा. गो. परांजपे यांनी १९४१ साली ते पुस्तक मराठीत आणलं. मी ते जुन्या पुस्तकांच्या गाडीवरून आणून वाचलं. निम्मं डोक्यावरून गेलं, पण जे कळलं त्यानं झोप उडवली. कुणी फतवा काढला नव्हता, कुठं समिती बसली नव्हती. शेतात, बाजारात, चुलीपुढं बोलणाऱ्या लाखो माणसांनी न ठरवता एकच नियम पाळला. पोरगं आईबापाची भाषा जशीच्या तशी उचलत नाही. कानावर पडेल त्यातून ते आपली आपण जुळवतं. जुळवताना जड जोडाक्षर हलकं होतं, तोंडाचे कष्ट वाचतात. एका पिढीत फरक दिसत नाही. वीस पिढ्यांत नवी भाषा उभी राहते.

'ण' ची गोष्ट तर याहून मजेची. संस्कृतात 'पानीय', त्यात न. प्राकृतात त्याचा ण झाला, म्हणून आपलं पाणी. उलट 'कर्ण' आणि 'पर्ण' यांत मूळचा ण. त्यांचं कण्ण, पण्ण होऊन आपण कान, पान म्हणायला लागलो. न होता तिथं ण आणला, ण होता तिथं न. आता शाळेत बसलेलं आपलं पोरगं 'पानी' म्हणतं आणि मास्तर वर्गाला हसवतो. मास्तरला विचारायला पाहिजे, गुरुजी, तुमचं 'पाणी' कुठल्या गंगेतून आलं? तेही पानीय बिघडवूनच झालंय. फक्त ते बिघडवणारे जुने, आणि आम्ही नवे. वऱ्हाडातला माणूस पानी म्हणतो, डोळ्याला डोया म्हणतो, तोही नियमच पाळतो. नियम तुटलेला नसतो, दुसरा असतो. पण तो नियम पुण्यात छापला गेला नाही. मोल्सवर्थचा कोश १८३१ साली आला, शब्द गोळा करायला हाताखाली शास्त्री होते. पाठोपाठ व्याकरणं आली, शाळेची पुस्तकं आली. ज्यांच्या हातात छापखाना आणि छडी, त्यांच्या घरातलं बोलणं ते प्रमाण. बाकी साडेतीन जिल्हे सोडून सगळा महाराष्ट्र अशुद्ध.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला. पेढे वाटले. वाटायलाही हरकत नाही. पण दोन हजार वर्षांचं वय सिद्ध करायला पुरावे कुठले दिले? गाथासप्तशती दिली, नाणेघाटातला लेख दिला. हे सगळं प्राकृत. संस्कृत नाटकात राजा आणि ब्राह्मण संस्कृत बोलतो, बायका आणि खालचे लोक प्राकृत बोलतात. 'मृच्छकटिक' नाटकात चारुदत्ताला सुळावर द्यायला नेणारे चांडाळ प्राकृतच बोलतात. आज ज्या वंशावळीवर तुम्ही मिशीला पीळ देताय ती वंशावळ ही आहे. आणि आमच्या कवितेत 'पानी' आलं की कंसात प्रश्नचिन्ह.

माझ्याच एका कवितेत 'तरास' होता. एका मासिकानं तो 'त्रास' करून छापला. जोडाक्षर फोडून मधे स्वर घालण्याला व्याकरणात 'स्वरभक्ती' असं गोड नाव आहे. धर्माचं धरम, रत्नाचं रतन. ते जुन्या पोथीत आलं की स्वरभक्ती आणि आमच्याकडून आलं की अशुद्ध. बरं, अर्थाचा प्रश्न बाजूला ठेवा, कवितेचा ठेका होता तीन अक्षरांचा. रिंग फ्रेमपुढं आठ तास उभं राहून जो ठेका पायात बसतो त्यावर ती ओळ रचलेली होती. दोन अक्षरांत ती लंगडी झाली. संपादकांनी शुद्धलेखन वाचवलं आणि कविता मारली.

एवढं ध्वनीचं पुराण लावलं त्याचं कारण आता सांगतो. एक शब्द घेऊ. विटाळ.

बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्र नावाचा जैन आचार्य होऊन गेला. त्यानं प्राकृताचं व्याकरण लिहिलं, आणि त्याच्या शेवटी लोकांच्या तोंडच्या अपभ्रंश भाषेचं. तिथं तो बोलण्यातले शब्द देतो आणि संस्कृतात त्याला काय म्हणायचं ते सांगतो. त्यात एक शब्द आहे 'विट्टाल'. अर्थ दिलाय, अस्पृश्याचा संसर्ग.

नीट बघा. विट्टाल मधला जोड ट सुटा झाला. शेवटचा ल एकटा होता, त्याचा नियमाप्रमाणं ळ झाला. फळाचा झाला तसा, काळाचा झाला तसा. ध्वनीचे सगळे कायदे या शब्दानं गुमान पाळले. यादव गेले, सुलतान आले, शिवाजी महाराज होऊन गेले, पेशवाई आली आणि बुडाली, इंग्रज आला, आगगाडी आली. विटाळाचा ल बदलला. विटाळाचा अर्थ बदलला नाही. जीभ बदलायला कुणाची परवानगी लागत नाही. अर्थ बदलायचा तर कुणाच्या तरी ताटाला, विहिरीला, पोरीच्या लग्नाला हात घालावा लागतो. तिथं नदी थांबते.

आणि हा शब्द गावात राहिला असंही नाही. १८५० नंतर मुंबईत कापडाच्या गिरण्या निघाल्या. विणकाम खात्यात धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी घालायची आणि सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यायचं. एका धोट्याला किती जणांची तोंडं लागणार त्याचा हिशेब नाही. म्हणून अस्पृश्य माणूस विणकाम खात्यात नको. आणि पगार जास्त त्याच खात्यात. आपली माणसं कताईकडं, नाहीतर झाडलोटीला. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढं ठेवला, तेव्हा कुठं लाल बावट्याच्या लोकांना तो दिसायला लागला. आता त्या खात्यातले शब्द मोजा. लूम इंग्रजी. जॉबर इंग्रजी. पगार पोर्तुगीज. मेस्त्री पोर्तुगीज. हजेरी अरबी. मुकादम अरबी. एवढ्या परक्या शब्दांना गिरणीनं फाटकातून आत घेतलं, कुणी नाक मुरडलं नाही. आणि विटाळ तेवढा गावाकडून वळकटीत बांधून आणला.

'कामगार' हा शब्द घ्या. 'काम' म्हणजे कर्म, कम्म, काम, असा प्राकृतातून चालत आलेला. 'गार' हे फारसी शेपूट. आपलं नावच मुळात भेसळीचं आहे. सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ केली, महापौर, दिनांक, क्रमांक असे शब्द चालू केले. ते चालले. का चालले? गोड होते म्हणून नव्हे, सरकारी कागदावर बसले म्हणून. ज्यांना कागदाचा आधार नाही मिळाला ते वहीत राहिले. उलट पगार, चावी, बटाटा यांच्या मागं कुठली चळवळ होती? माणसाला माणसाशी काम पडलं, शब्द आला. या दोन वाटा आहेत शब्द यायच्या, वरून आणि हातातून. हातातून आलेला शब्द काढायला कायदासुद्धा पुरत नाही.

काम पडण्यावरून एक अभ्यास आठवला तो सांगितलाच पाहिजे. सांगली जिल्ह्यातल्या कुपवार नावाच्या गावाबद्दल गम्पर्झ आणि विल्सन या दोघांनी १९७१ साली लिहिलं. त्या गावात जैन आणि लिंगायत घरात कानडी बोलणारे, मुसलमान उर्दू बोलणारे, आणि अस्पृश्य, भूमिहीन मजूर मराठी बोलणारे. पिढ्यानपिढ्या एका शिवारात काम. झालं असं की तिन्ही भाषांचं व्याकरण एकमेकांत इतकं मिसळलं की वाक्याचा सांगाडा जवळजवळ एकच. कानडी वाक्यातला एकेक शब्द काढून तिथं मराठी शब्द ठेवला तरी वाक्य उभं राहतं. पण शब्द? ते ज्याचे त्याचे वेगळे राहिले. दिवसा बांधावर एक व्हावं लागलं म्हणून सांगाडा एक झाला, आणि रात्री घरं वेगळी होती म्हणून शब्द वेगळे राहिले. मला तर यात सगळा भारत दिसतो. आमच्या सूतगिरणीत आता ओडिशाची, बिहारची पोरं आहेत, तार 'तुटली' का 'तुटला' या भानगडीत ती पडत नाहीत, आणि हळूहळू आमचंही लिंग सुटत चाललंय. पण खोल्या वेगळ्या, भांडी वेगळी, तोवर त्यांचा शब्द आमच्या घरात येणार नाही.

विटाळाचा दुसरा अर्थ बाईचा. आपल्या आयाबहिणींना महिन्याचे ते दिवस याच शब्दात सांगितले गेले. अस्पृश्याला आणि बाईला एकाच शब्दात बांधलं, हा काही योगायोग नव्हे. आता बाया पाळी म्हणतात. तीच पाळी गिरणीतली, पहिली, दुसरी, रात्रपाळी. शब्द बदलला, पुष्कळ घरांत कोपऱ्यात बसणं बदललं नाही. इथं उलटं झालं, शब्द हलला आणि वस्तू तशीच. शहरात आमच्याबाबत तेच झालंय. राज्यघटनेच्या १७ व्या कलमानं १९५० साली अस्पृश्यता रद्द केली, १९५५ साली तिच्याविरुद्ध कायदा आला. आता विटाळ कोण म्हणेल? आता 'आडनाव काय?' विचारतात. 'आमची सोसायटी व्हेज आहे' म्हणतात. 'कोट्यातला' म्हणतात. भाषा किती सुसंस्कृत झाली बघा.

म्हणून नाव बदलून दिलं की माणूस सुटतो असं मानणाऱ्यांनी हरिजन शब्दाचा इतिहास बघावा. गांधींनी शब्द दिला, १९३३ साली त्या नावानं साप्ताहिक काढलं. शब्दात देव होता, पण वागणं जुनंच होतं, ते नव्या शब्दाला चिकटलं आणि थोड्या वर्षांत हरिजन ही शिवी झाली. जानेवारी १९३८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात कायद्यात हा शब्द घालायचं ठरलं तेव्हा भाऊराव गायकवाडांनी विरोध केला, बहुमतानं तो हाणून पाडला, आणि बाबासाहेब आपल्या पक्षाचे लोक घेऊन सभागृहाबाहेर पडले. एका शब्दासाठी सभात्याग. भाषाशास्त्राच्या वर्गात हा सभात्याग शिकवला पाहिजे. ज्याला नाव ठेवायचंय त्याला विचारलं पाहिजे, एवढीच मागणी होती. ती नाकारली गेली.

आता लोकांनी ठरवून मारलेल्या शब्दाकडं येतो. जोहार.

गावात महारानं वरच्याला भेटल्यावर रामराम म्हणायचा नाही, जोहार घालायचा. लांबून, वाकून. चोखोबाच्या अभंगातही तो जोहार आहे. म्हणजे चौदाव्या शतकापासून तरी हा शब्द आमच्या पाठीवर होता. हा शब्द कुठल्या ध्वनिनियमानं गेला? कुठल्याच नाही. तो उच्चारायला काही जड नव्हता. तो लोकांनी टाकला. त्याच्या जागी 'जय भीम' आणला. कामठीचे बाबू हरदास यांनी तो अभिवादनाला रूढ केला असं सांगतात, १९३० नंतरच्या वर्षांत. जोहार वरती तोंड करून घालायचा होता, खालून वर. जय भीम समोरासमोर म्हणायचा, आणि उत्तरही जय भीमच. जोहाराला उलट जोहार कधी मिळाला नाही. व्याकरणात याला काही नाव असेल तर असो. आठ अक्षरांत नव्हे, तीन-चार अक्षरांत उभ्या समाजाचा कणा सरळ झाला, आणि हे एका माणसाच्या आयुष्याएवढ्या काळात घडलं. नदीला असं वळण घेताना कुणी पाहिलंय?

नावांचंही तेच. शूद्राचं नाव ऐकूनच किळस यावी असं ठेवावं, अशी मनुस्मृतीची आज्ञा. आमच्यात धोंड्या, कचऱ्या, दगडू. 'बलुतं' या पुस्तकात (१९७८) दया पवारांनी आपली हकिगत दगडू मारुती पवारकडून सांगून घेतली, दगडू आणि दया ही एकाच माणसाची दोन नावं, आणि सगळं पुस्तक त्या दोन नावांच्या मधल्या अंतरात आहे. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर पोरांची नावं सिद्धार्थ, गौतम, मिलिंद झाली. आपल्या नियतकालिकांची नावं ओळीनं वाचा. १९२० साली मूकनायक. १९२७ साली बहिष्कृत भारत. १९३० साली जनता. १९५६ साली प्रबुद्ध भारत. मुका, मग वाळीत टाकलेला, मग लोक, मग जागा झालेला. छत्तीस वर्षांत चार शब्द. समाजाच्या इतिहासाचं याहून नेमकं पुस्तक मी वाचलेलं नाही.

आणि हे चारही शब्द, बघा, संस्कृत आहेत. इथं मला आपल्याच पोरांशी भांडायचंय.

अलीकडं आपल्याकडं कविता येतात त्यांत एक समजूत पक्की दिसते. शिवी घातली की दलित कविता. 'साला', 'भडवा', दोन-तीन अवयव, झाला विद्रोह. 'गोलपिठा' १९७२ साली आला, त्याच वर्षी दलित पँथर निघाली, त्याची ही वाचून न वाचून केलेली नक्कल. नामदेव ढसाळांनी कामाठीपुऱ्याची हिंदी, दखनी, मराठी बोली आणली हे खरं. विजय तेंडुलकरांनी प्रस्तावना लिहून पांढरपेशा वाचकाला ते जग किती परकं आहे ते सांगितलं, हेही खरं. पण त्या कवितेत बाजारातल्या शब्दाशेजारी अस्सल भारदस्त संस्कृत शब्द बसलेला आहे, तो कुणी बघत नाही. दोन शब्द, ज्यांची पंगत कधी बसली नव्हती, ते एका ओळीत मांडीला मांडी लावून बसतात, आणि स्फोट तिथं होतो. शिवीत नाही होत. शिवी तर पाटीलही देत होता.

बाबुराव बागुल घ्या. 'जेव्हा मी जात चोरली होती' १९६३ सालचं. त्यातलं निवेदन बोलीचं नाही, घोटीव, जड, तापलेलं आहे. बाबासाहेबांचं मराठी वाचा, पंडिताची तर्कशुद्ध भाषा, आणि 'मूकनायक'च्या माथ्यावर तुकाराम, 'बहिष्कृत भारत'च्या माथ्यावर ज्ञानेश्वर. कुमुद पावडे संस्कृत शिकल्या, संस्कृतच्या प्राध्यापक झाल्या. 'अंतःस्फोट'मध्ये (१९८१) त्यांनी लिहिलंय की विद्या होती तोवर नोकरी नव्हती, लग्न होऊन आडनाव बदललं तेव्हा नोकरी आली. संस्कृत तेच, बाई तीच, एक शब्द बदलला. तेव्हा संस्कृत शब्द वरच्यांचा आणि बोली आपली, ही वाटणी आपण मान्य करू नये. तीही एक वस्तीच आहे, गावाबाहेरची. 'तुमची भाषा किती रांगडी, अस्सल' म्हणून जो पाठ थोपटतो तो आपल्याला गावकुसाबाहेरच उभं राहायला सांगत असतो. बरं बोलून.

या अस्सलपणाच्या कौतुकाचा दुसरा प्रकार म्हणजे शब्दार्थांची यादी. काही आत्मकथनांच्या शेवटी कठीण शब्दांचे अर्थ देतात. वाचकाची सोय, मला समजतं. पण येसकर म्हणजे 'गावाच्या वेशीवर पहारा करणारा महार' असं लिहिलं की वाचकाला वाटतं, अरे वा, एक गमतीचा जुना शब्द कळला. हाडकी-हाडवळा म्हणजे 'महारांची वतनी जमीन'. संपलं. त्या वतनापायी माणूस गावाचा चोवीस तासांचा गुलाम होता, ते बदलायला बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणलं, आणि वतनं गेली ती १९५८ च्या कायद्यानं, बाबासाहेब गेल्यानंतर, हे त्या एका ओळीत कुठं बसणार? हे शब्द आपण आपल्या खुशीनं मागं टाकलेत. बलुतं, तराळ, येसकर, वेठ. दया पवारांनी 'बलुतं' नाव दिलं, शंकरराव खरातांनी १९८१ साली 'तराळ-अंतराळ' दिलं. ते शब्द त्यांनी देव्हाऱ्यात नाही बसवले, साक्षीदार म्हणून कोर्टात उभे केले. साक्षीदाराला दागिने घालू नयेत. शहरात वाढलेला, वतन न पाहिलेला आपला कवी जेव्हा ओळ सजवायला 'हाडकी' घालतो तेव्हा मला तो साक्षीदार विकत घेतलेला वाटतो. तुझ्या अंगावर जे बेतलंय त्याचे शब्द शोध की गड्या. 'आडनाव काय' या दोन शब्दांवर अजून एकही धड कविता मी वाचलेली नाही. 'कंत्राट' या शब्दावर नाही.

यात बेबीताई कांबळेंचं 'जिणं आमुचं' (१९८६) मला सगळ्यांत पुढचं वाटतं. तिथं निवेदन आणि बोलणं अशी भिंतच नाही. ग्रामीण कथेत लेखक प्रमाण भाषेत बोलतो आणि पात्रं बोलीत, म्हणजे लेखक ओट्यावर आणि पात्रं अंगणात. बेबीताई खाली अंगणातच बसून बोलतात. आणि 'मी' फार कमी, 'आमचं' जास्त. मराठी गद्याचं वळण बदललं ते अशा ठिकाणी, पण साठोत्तरीची यादी करताना हे नाव शेवटी, स्त्री आणि दलित अशा दोन कप्प्यांत चेपून येतं.

धंद्याबरोबर मेलेल्या शब्दांचं थोडक्यात सांगतो, कारण ते दुखतं. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास माणूस बाहेर पडला. संप कुणी मागं घेतला नाही, गिरण्याच गेल्या. त्यांच्याबरोबर एक आख्खी मराठी गेली. भोंगा, साचा, बदलीवाला, खाडा, जॉबर, खानावळवाली बाई. यातले थोडे शब्द आमच्यासारख्या सूतगिरणीत, भिवंडी-इचलकरंजीच्या मागावर जगून आहेत. परळ-लालबागला एक शब्द मात्र राहिला, 'मिल'. तिथल्या तरुण पोराला मिल म्हटलं की दुकानं, हापिसं, दारू पिण्याच्या जागा आठवतात. अर्थबदल याला म्हणतात. पुस्तकात या विषयाची उदाहरणं देताना 'मृग' म्हणजे आधी कुठलाही पशू आणि मग हरीण, असलंच देतात. हरणानं काय घोडं मारलंय कळत नाही. 'मिल' द्या ना.

डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारनं ठरवलं की वस्त्यांची जातिवाचक नावं काढायची. महारवाडा, मांगवाडा, ब्राह्मणवाडा, सगळी. त्या जागी समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर. चांगलं केलं, उशिरा केलं. पण आपल्या लोकांनी वस्तीला भीमनगर म्हणायला सरकारची वाट पाहिली नव्हती, कितीतरी गावांत ती पाटी आपल्या पोरांनी ब्रशनं रंगवून कधीचीच लावली होती. आता ती कागदावर आली. पोस्टमन भीमनगर लिहितो, तलाठी लिहायला लागेल. गावातला दुकानदार उधारीच्या वहीत काय लिहितो, आणि एसटीतून उतरून पत्ता विचारणाऱ्या पाहुण्याला पारावरचा म्हातारा काय सांगतो, ते ज्यानं त्यानं आपापल्या गावात कान देऊन ऐकावं आणि या पत्त्यावर कळवावं. गावाचं नाव आणि साल घालून. शुद्धलेखन तपासायची गरज नाही.